हात लागलेले बोल्ट

तलावाच्या गाळातून निघालेली मोटारसायकल टेम्पोतून उतरवली तेव्हा मिस्त्रीणबाई एका स्कूटरचा प्लग घासत बसली होती. उतरवणाऱ्यांनी गाडी उभी करायचा बराच खटाटोप केला, पण स्टँड जागचा हलेना. शेवटी भिंतीला तिरकी टेकवून ते हात झटकत बाजूला झाले. चाकांच्या तारांमध्ये पाणवेलींची मुळं गुंतलेली, सीटचं नुसतं पत्र्याचं हाडूक उरलेलं, टाकीला मूठ जाईल एवढं भोक. पाठोपाठ वास आला, वर्षानुवर्षं बंद असलेल्या विहिरीचं झाकण उघडल्यावर येतो तसा. स्कूटरवाला "संध्याकाळी येतो" म्हणून नाक दाबत सटकला.

"हे कुणाचं मढं आणलंत?" गल्ल्यावरून तिचा नवरा बोलून गेला, आणि टेम्पोतून हवालदार उतरताना दिसला तशी त्याने जीभ चावली.

हवालदार ओळखीचाच. त्याची स्वतःची गाडी इथेच यायची. तो टोपी काढून कपाळ पुसत म्हणाला, "मिस्त्रीणबाई, काम जरा नाजूक आहे. तलावाचा गाळ काढताना मशीनच्या बकेटला ही लागली. नंबरप्लेट नाही. चासीवरचा नंबर गंजाने खाल्लाय. इंजिनवरचा राहिला असेल तर असेल, पण तो इथे खाली, या दांड्याच्या आड. एवढं काढून द्या. मोडतोड मात्र नको, साहेबांनी बजावलंय."

"मोडतोडवाला मी," नवरा म्हणाला. "ती नाही."

ते खरं होतं, आणि गाडी दुसरीकडे न नेता इथेच का आणली तेही त्यातच आलं.

गॅरेज मुळात नवऱ्याचं. कामाला तो वाईट नव्हता, पण अंगात घाई. पाना लावला की सगळं अंग टाकून ओढायचा. बोल्टचं डोकं हातात आणि धड आत. मग ड्रिल लावा, भोकात नवे आटे पाडा, वर गिऱ्हाइकाच्या शिव्या खा. लग्न होऊन आली तेव्हा ती नुसती चहा घेऊन यायची आणि कप रिकामा होईपर्यंत बघत उभी राहायची. एकदा तो असाच एका बोल्टशी हातघाईवर आला होता. ती म्हणाली, "अहो, त्याला जरा वेळ तरी द्या."

"वेळ? तो काय पाहुणा आलाय?"

"पाहुण्याला तरी तुम्ही कुठे देता!"

"मग तूच काढ," म्हणून त्याने पाना तिच्या पुढ्यात टाकला आणि मजा बघायला बसला. तिने तो अख्खा दिवस खाल्ला. स्वयंपाक उशिरा झाला, सासूने तोंड सोडलं, पण बोल्ट अखंड निघाला. तिने तो फडक्यात गुंडाळून नवऱ्याच्या ताटाशेजारी ठेवला.

पुढे नवऱ्याची कंबर गेली आणि हातातला पाना तिच्याकडे आला तो कायमचा. मग दुसऱ्या गॅरेजांतूनही अडलेल्या गाड्या तिच्याकडे यायला लागल्या. तिची रीत ठरलेली होती. आधी तारेच्या ब्रशने गंज झाडायचा. मग तेलाचे थेंब सोडायचे आणि हातोडीने डोक्यावर टिचक्या मारायच्या. ठोके नाहीत, टिचक्या, म्हणजे तेल आट्यांत उतरतं. मग त्याच्याकडे पाठ करून दुसऱ्या कामाला लागायचं. परत तेल, परत टिचक्या. तरी ऐकलं नाही तर गॅसची ज्योत, तीही बोल्टवर नाही, भोवतालच्या अंगावर, म्हणजे ते फुगतं आणि पकड सोडतं. पाना रिंगचाच. उघड्या तोंडाच्या पान्याने कोपरे गोल होतात. आणि पहिली ओढ सोडायच्या दिशेला कधीच नाही. आधी केसभर आवळायचा, मग सोडायचा, परत आवळायचा. "झोपलेल्या पोराला गदागदा हलवलं तर ते रडतच उठणार," असं ती शिकायला येणाऱ्यांना सांगे.

अडलेला बोल्ट सुटतो तेव्हा 'कट्ट' असा आवाज होतो. अंगणात कुणी बसलेलं असेल तर त्यालाही ऐकू जातो. तो आला की ती डोळे मिटून देवाचे आभार मानायची. पाना लावतानाही ओठांतल्या ओठांत म्हणायचीच, 'देवा, सुखाने सुटू दे.' त्याचा गाजावाजा नसे. कुणाला वाटावं, पुटपुटत असेल काहीतरी हिशेब.

आणि एक सवय. काढलेला बोल्ट ती कोरडा परत लावत नसे. आटे लख्ख पुसायचे, त्यावर तांब्याच्या रंगाचं ग्रीस नखाएवढं घेऊन बोटाने फिरवायचं, मगच बोल्ट जागेवर. नवरा कुरकुरायचा, "आपल्याच पोटावर पाय! परत अडला नाही तर परत येणार कोण?"

"पुढच्याच्या हाताला तरी कमी लागेल," ती म्हणायची.

गावभरच्या गॅरेजवाल्यांना हे पाठ होतं. एखादा जुना बोल्ट लोण्यासारखा सुटला की म्हणत, "बाईंचा हात लागलेला दिसतोय." पाण्यात भिजो, चिखलात लोळो, तिचा बोल्ट अडत नसे.

हवालदार बोलत होता तोवर ती गाडीजवळ जाऊन उकिडवी बसली. चिंधीने टाकीच्या बाजूचा चिखल पुसला. गंजाच्या खपल्यांखाली एवढासा रंग दिसला. निळा.

तिने चिंधी परत त्यावरून फिरवली आणि चिखल होता तसा करून ठेवला. नवऱ्याने ते पाहिलं.

ताईला कुणी सांगितलं कोण जाणे. अशा बातम्यांना पाय नको असतात. मिस्त्रीणबाई तारेचा ब्रश घेऊन बसते न बसते तोच थोरली बहीण फाटकातून आत आली. चपला वेगवेगळ्या जोडांतल्या.

ताईचा एकुलता एक मुलगा. लहानपणापासून एका जागी ठरत नसे म्हणून घरात सगळे त्याला भिंगरी म्हणत. काही वर्षांपूर्वी आईशी भांडला आणि भल्या पहाटे गाडी काढून गेला. "तिकडे बंदरावर काम मिळतंय, पोचलो की कळवतो." कळवलं काही नाही. फोन लागेना. मधे कुणीतरी सांगत आलं, बंदराच्या गावी बसमध्ये दिसला, दाढी वाढवली होती. ताई त्या दाढीवर जगत होती. "दाढी त्याला शोभत नाही. आला की पहिली काढायला लावते," असं भाजी निवडताना मधेच म्हणायची. अंथरूण-पांघरूण धुऊन, उन्हात घालून परत त्याच्या खाटेवर. दाराची कडी आतून लावायची नाही, कारण त्याच्याकडे किल्ली नाही.

"निळी आहे म्हणे," ताई म्हणाली.

"चिखलाचीच दिसते," धाकटी म्हणाली.

"निळ्या गाड्या काय कमी आहेत? आपल्या गल्लीत मोजल्या तर निघतील." ताईने एक रिकामा डबा उपडा घातला आणि त्यावर बसली. "मी बसते. तुझं चालू दे. आणि हे बघ, आदळआपट करू नकोस. आपली नसेल तर दुसऱ्या कुणा आईची असेल."

हवालदाराने मान खाली घातली. नवरा तिच्यासाठी चहा सांगायला उठला, तो कंबर धरून बराच वेळ दारातच उभा राहिला.

काम सुरू झालं. फूटरेस्टचा दांडा इंजिनाच्या पोटाखालून गेलेला, त्याला बोल्ट. पुढच्या गार्डला बोल्ट. कुठला बोल्ट, कुठला गंज, हेच आधी शोधावं लागत होतं. तिने ब्रश मारला, तेल सोडलं, टिचक्या मारल्या, वाट पाहिली. ताईची नजर तिच्या हातांवर. पहिल्यावर पाना बसवून तिने अंदाज घेतला. तसूभर हलेना.

"अडलाय?" ताईने विचारलं.

"अडलाय."

"चांगलाच?"

"दगड झालाय नुसता."

ताईचा चेहरा उजळला. मिस्त्रीणबाईला आधी समजलं नाही. मग समजलं.

"बघा हो हवालदारसाहेब," ताई म्हणाली, "आमच्या हिचा हात लागलेला बोल्ट अडत नाही. सगळ्यांना माहीत आहे. माझ्या पोराची गाडी हिने केली होती. मग ही गाडी त्याची कशी असेल?"

"हो का?" हवालदार म्हणाला. त्याने मिस्त्रीणबाईकडे पाहिलं. ती ज्योत पेटवत होती. खाली मान घालून पेटवतच राहिली.

ज्योतीखाली गाळ तडतडला आणि तो वास पुन्हा उठला, आता गरम होऊन. तिने लाल होऊ दिलं नाही, तेल टाकलं, धूर झाला, थोडं थांबली. आवळायच्या दिशेने एक ओढ. सोडायच्या दिशेने एक. परत आवळलं. मनगटाला कळलं की आत काहीतरी तयार झालं. कट्ट.

"आला आवाज!" ताई म्हणाली. "किती घट्ट होता बाई."

दुसराही तसाच. तिसऱ्याचं डोकं गंजून गोटीसारखं झालेलं, त्यावर तिने नट वेल्डिंग करून बसवला आणि त्या गरमीतच तो उपटला. कट्ट. प्रत्येक आवाजाला ताई सैलावत होती. आता तिला चहाही गेला. तिने धाकटीच्या नवऱ्याला टोमणासुद्धा मारला, "तुम्ही असतात तर आत्तापर्यंत डबाभर मुंडकी पडली असती."

"मग काय! माझा हात म्हणजे कातरी," तो म्हणाला. पण हसला नाही. त्याचं लक्ष बायकोकडे होतं. कारण त्यालाही आठवत होतं.

भिंगरीची गाडी नवी होती, कंपनीच्याच वर्कशॉपला जायची. मावशीकडे ती एकदाच आली, तो जायच्या थोडे दिवस आधी. "मावशी, चेन करकरते गं. लांब जायचंय, बघ ना." तिने चेनसेट बदलून दिला होता. त्यासाठी इंजिनाच्या डाव्या अंगाला, चेन जिच्यावर फिरते त्या पुढच्या दातरीवर जे छोटं झाकण असतं, ते काढावं लागतं. दोन बोल्ट. तेवढ्याच दोन बोल्टना तिचा हात लागला होता. दांडा, गार्ड, बाकी सगळं कारखान्यातून आलं तसंच होतं, कोरडं. त्याने अडायलाच हवं होतं. भिंगरीचं असो नाहीतर आणखी कुणाचं.

ताईला हे ठाऊक नव्हतं. तिच्या लेखी धाकटीने गाडी केली म्हणजे अख्खी केली.

दांडा निघाला. मिस्त्रीणबाईने त्यामागचा गाळ लाकडाच्या चिपेने खरवडला, ब्रश मारला, रॉकेलने धुतला. हवालदार मोबाइलचा उजेड पाडून आडवा झाला. अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरली होती आणि तिने नंबराचा निम्मा भाग खाल्ला होता. पुढचे आकडे लागत होते, मागचे गेले होते.

"एवढ्याने भागत नाही," हवालदार उठत म्हणाला. "या पुढच्या आकड्यांच्या कितीतरी गाड्या असणार. शहरात पाठवायला लागेल, तिकडे काहीतरी औषध लावून वाचतात. बघू, साहेबांना विचारतो." तो फोन लावत फाटकाबाहेर गेला.

"म्हणजे नाही लागला," ताई म्हणाली. तिने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. "सुटले बाई. चल, हात धू. सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या."

मिस्त्रीणबाई उठली नाही.

झाकण तिच्या डोळ्यांसमोरच होतं. चिखलाने माखलेलं, तळहाताएवढं. त्याच्या वर-खाली दोन डोकी. पोलादाचा बोल्ट आणि अॅल्युमिनियमचं अंग, त्यात पाणी. याहून वाईट जोडी नसते. एकमेकांना असे खातात की शेवटी कोण कुठे संपतो कळत नाही. हे दोन बोल्ट कुणा दुसऱ्याच्या गाडीचे असले तर दांड्याच्या बोल्टपेक्षाही वाईट अडले असणार. ज्योत लावूनसुद्धा कदाचित तुटतील.

कुणी तिला ते काढायला सांगितलं नव्हतं. हवालदाराला झाकणाचं काही माहीत नव्हतं. हात धुऊन उठली असती तर ताई घरी गेली असती, कडी न लावता झोपली असती, आणि शहरातून काही यायचं तेव्हा आलं असतं. कदाचित आलंही नसतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली, नको. पण मान हलवता हलवताच त्याने तोंड फिरवलं. बाहेर फोनवर हवालदार म्हणत होता, "नाही साहेब, काम चालूच आहे तिकडे. मशीन थांबवलं नाही. रात्रीपर्यंत तलावाचा तो कोपरा पूर्ण उपसतील."

तिने चिंधीने वरच्या बोल्टचं डोकं पुसलं. ब्रश मारला नाही. तेल घातलं नाही. टिचकी नाही, ज्योत नाही. नुसता रिंगपाना बसवला.

आणि आयुष्यात पहिल्यांदा ती उलटं म्हणाली. 'देवा, अडू दे. तुझ्या पाया पडते, दगड होऊ दे याचा. तुटला तरी चालेल. माझ्या हाताने तुटू दे.'

आधी आवळायचा, हेही ती विसरली. सरळ सोडायच्या दिशेने ओढलं.

पाना फिरला.

जोरच लागला नाही. कालच बसवलेल्या बोल्टसारखा तो सरकला आणि सरकतच गेला. तिने पाना काढला आणि बोटांनी फिरवून बोल्ट बाहेर घेतला. आट्यांमध्ये चिखलाचा कण नव्हता. तांब्याच्या रंगाचं ग्रीस, नखाएवढं, जसंच्या तसं.

"काय गं," मागून ताई म्हणाली, "आवाज नाही आला?"

मिस्त्रीणबाईने बोल्ट मुठीत धरला.

"तो अडलेला नव्हता का?"

"ताई."

"दाखव बघू." ताई डब्यावरून उठली होती. तिने धाकटीची मूठ सोडवायला एक-एक बोट उचललं. बोल्ट बघितला, अंगठ्याने ग्रीस चोळलं, अंगठ्याकडे बघत राहिली. मग तिने बोल्ट परत बहिणीच्या हातात ठेवला आणि अगदी हळू आवाजात, दाराकडे बघत म्हणाली, "परत लाव."

"ताई, ऐक—"

"परत लाव ना गं. कुणी बघितलं नाही. तो बाहेर आहे. घट्ट आवळून टाक." आणि मग एकदम चढ्या आवाजात, "ग्रीस काय तुझ्या एकटीकडे मिळतं? दुकानात मिळतं! कुणीही लावेल!"

"हो," मिस्त्रीणबाई म्हणाली. "कुणीही लावेल." ती खाली बसली, खालच्या बोल्टला पाना लावला. तोही फिरला. झाकण हातात आलं. आत दातरीवर चेन चढलेली होती, तिने बसवलेली. गंजली होती पण दातरीचे दात कोवळे होते, झिजायला सवडच मिळाली नव्हती. बंदर खूप लांब होतं. ही चेन तलावापुढे गेली नव्हती.

ताईनेही ते बघितलं. तिला दातरीतलं काही कळत नव्हतं. तिने बहिणीच्या तोंडाकडे पाहिलं, तेवढं पुरलं.

नवऱ्याने पुढे होऊन डबा ताईच्या मागे सरकवला, पण ती बसली नाही. मिस्त्रीणबाई उठून फाटकाशी गेली. हवालदाराचा फोन अजून कानालाच होता.

"आमच्या ताईच्या मुलाची आहे गाडी," ती म्हणाली. "हे दोन बोल्ट मी लावलेले. जबाब देते मी, पाहिजे तिथे देते. पण आधी तिकडचं मशीन थांबवायला सांगा."

"मशीन?"

"गाळ काढताय ना, ते. बकेट लावू नका आता. पुढचं हाताने काढू दे. जेवढा वेळ लागेल तेवढा लागू दे."

हवालदाराने फोनमध्ये बोलायला तोंड उघडलं, आणि पाठीमागे ताई दिसली तसं मिटलं. ताई त्या दोघांच्या मागे येऊन उभी होती, अंगठ्याला ग्रीस तसंच लागलेलं.

"हाताने कशाला?" तिने विचारलं.

मिस्त्रीणबाईने तिचा दंड धरला. ताईने रस्त्याच्या टोकाकडे, तलावाच्या बाजूला पाहिलं. मग तिने हवालदाराच्या बाहीला हात लावला, ओळखीच्या मुलाला काम सांगावं तसा.

"सांग रे बाबा त्यांना," ती म्हणाली. "लवकर सांग. बकेट लागेल त्याला."